विंडोजचं अपडेट बसत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचं अपडेट सोडते. ऑक्टोबर २००३ पासूनचा हा रिवाज. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, थंडीत साडेअकरा. त्यामुळे आमच्या दुरुस्तीच्या टेबलावरचा फोन वाजायला लागतो तो बुधवारी सकाळी. प्रश्न ठरलेले असतात, उत्तरंही बरीचशी ठरलेली. ती एकदा लिहून ठेवतो. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच घेतली आहेत, फक्त नागरीत.

"अपडेट होत नाही" एवढं सांगितलं तर पुरेल का?

नाही पुरत. एवढ्या शब्दांत चार वेगळे आजार मावतात. डाउनलोडच शून्य टक्क्यावर बसून राहतं, तेव्हा बहुतेक वेळा नेट किंवा तारीख बघायची. डाउनलोड होतं पण इन्स्टॉल होताना एक आकडा दाखवून थांबतं, तेव्हा जागा किंवा बिघडलेली फाइल. मशीन रीस्टार्ट होतं, टक्के मोजतं आणि मग "अंडूइंग चेंजेस" म्हणत होतं तिथे परत येतं, तेव्हा ड्रायव्हर (प्रिंटरसारख्या यंत्राला विंडोजशी बोलतं करणारा प्रोग्रॅम) नाहीतर अँटिव्हायरस. चौथा प्रकार म्हणजे अपडेट दिसतच नाही. तिथे मशीन जुनं असतं, किंवा कुणीतरी अपडेट मुद्दाम बंद करून ठेवलेलं असतं.

तुमचा प्रकार यातला कोणता, ते आधी ठरवा. इंटरनेटवर दिसेल तो उपाय एकामागून एक करत सुटलात, तर दुखणं एक आणि औषधं दहा अशी गत होते.

तास झाला, ३५ टक्क्यांवरच आहे. बंद करू का?

अजून नको. ते टक्के घड्याळाचे नाहीत. ३५ ते ३६ ला चाळीस मिनिटं लागतात आणि ३६ ते ७० दोन मिनिटांत जातं, असं रोज बघतो. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा बारीक दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर काम चालू आहे. एसएसडी नसलेल्या, जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट तीन-चार तास घेतं, त्यात नवल नाही.

माझा हिशोब असा: महिन्याचं नेहमीचं अपडेट असेल तर दोन तास, मोठं असेल तर रात्रभर. त्यानंतरही टक्का हलला नाही आणि दिवाही गप्प असेल, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पुन्हा चालू केल्यावर विंडोज बहुधा स्वतःच मागे फिरतं आणि जुन्या स्थितीत उघडतं.

अपडेट चालू असताना लाइट गेली तर?

एकदा गेली तर सहसा निभावतं. लाइट आल्यावर मशीन अर्धवट काम पुरं करतं किंवा उलटवतं. धोका आहे तो लाइट येते-जाते-येते त्या अर्ध्या तासात, म्हणजे पावसाळ्यात कोकणात जे रोजचंच आहे. अशा वेळी मुख्य बटण बंद करा आणि लाइट स्थिर झाल्यावरच मशीन चालू करा.

घरच्या इन्व्हर्टरच्या पाठीमागे बऱ्याचदा एक छोटा स्विच असतो, त्यावर यूपीएस असं लिहिलेलं असतं. तो त्या बाजूला नसेल तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पंखा तग धरतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे तरी बंद पडतो" या तक्रारीचं मूळ अनेकदा त्या स्विचमध्ये सापडतं.

तो आकडा कुठे असतो आणि त्याचा अर्थ काय?

सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट, मग अपडेट हिस्टरी. तिथे अपडेटचा नंबर केबी या अक्षरांनी सुरू होतो आणि एररचा शून्य-एक्सने. दोन्हींचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी फोनवर "आठ हजार सातशे काहीतरी होतं" असं सांगितलंत तर त्याचा काही उपयोग होत नाही.

सुरुवातीचा शून्य-एक्स सोडून नेहमी भेटणारे आकडे सांगतो. ८००७००७० म्हणजे जागा नाही, इतकं सरळ. ८००७०००२ म्हणजे अपडेटला हवी असलेली फाइल जागेवर नाही. ८००७००२० म्हणजे फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरून ठेवली आहे, तेव्हा अँटिव्हायरसवर पहिला संशय घ्यायचा. ८००७२एफ८एफ दिसलं की घड्याळ बघा. ८००७३७१२ म्हणजे विंडोजचा स्वतःचा फाइलींचा कोठार बिघडला आहे. ८००एफ०९२२ ला दोन कारणं असतात: एकतर व्हीपीएनमुळे (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर सापडत नाही, नाहीतर डिस्कवरच्या लपलेल्या सिस्टिम पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, जागा उरलेली नाही. सी१९००१०१ ने सुरू होणारा आकडा बहुतेक वेळा ड्रायव्हरचा असतो.

सी ड्राइव्हमध्ये ९ जीबी मोकळी आहे. तेवढी पुरेल ना?

महिन्याच्या अपडेटला कदाचित पुरेल. मोठ्या अपडेटसाठी २० जीबी तरी मोकळी धरा, कारण ते जुनं विंडोज बाजूला ठेवून नवं मांडतं आणि तोवर घरात दोन बिऱ्हाडं राहतात.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जा. तिथे डाउनलोड्सवरची खूण काढून मगच रिमूव्ह दाबा. ही सूचना लोक वाचत नाहीत, आणि मग मुलीच्या ॲडमिशनची कागदपत्रं गेली म्हणून फोन येतो. "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन" दिसत असेल आणि मागच्या आवृत्तीकडे परत जायचं नसेल, तर ते खुशाल काढा. तसंही ते दहा दिवसांनी आपोआप जातं. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, लग्नाचं शूटिंग आणि मोबाइलचे बॅकअप डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर हलवा.

विंडोजच्या फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचं एक थोराड फोल्डर दिसेल. त्याला हात लावायचा नाही. ते दिसतं तेवढं मोठंही नसतं, कारण त्यातल्या बऱ्याच फाइली एकदाच साठवलेल्या असून दोन ठिकाणी मोजल्या जातात.

विंडोज १० वर ८००७०६४३ येतंय आणि काही केल्या जात नाही.

हे प्रकरण सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण यात लोकांनी नाहक फॉरमॅट मारले.

९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे अपडेट आलं. मशीन चालू होत नसेल तर दुरुस्तीसाठी उघडणारा जो वेगळा भाग असतो, म्हणजे रिकव्हरी, त्याच्यासाठी ते होतं. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा डेटा कीशिवाय वाचता येऊ नये म्हणून विंडोज लावतं ते कुलूप. ते लावलेल्या मशीनवर, मशीन हातात असलेल्या माणसाला त्या भागातून कुलूप चुकवता येत होतं. ती फट बुजवायची होती. पण रिकव्हरीचं पार्टिशन पुष्कळ मशीनवर अगदी तंग असतं. या अपडेटला तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती.

इथवरही ठीक होतं. पण पडद्यावर "जागा कमी आहे" असं यायच्या जागी ८००७०६४३ हा "इन्स्टॉल जमलं नाही" एवढंच सांगणारा मोघम आकडा येत होता. चूक दाखवण्यात झालेली ही चूक मायक्रोसॉफ्टनेही मान्य केली. दरम्यान लोक सी ड्राइव्ह रिकामा करत बसले होते. सी वर शंभर जीबी मोकळी असली तरी फरक पडणार नव्हता, कारण कमी होती ती शेजारच्या लपलेल्या खोलीत. पुढे मायक्रोसॉफ्टने सांगितलं की विंडोज १० वर हे आपोआप सुटणार नाही, पार्टिशन हाताने वाढवावं लागेल.

मग करायचं काय? बिटलॉकर वापरत नसाल तर ती फट तुम्हाला लागूच होत नाही. तेव्हा पार्टिशनशी खेळण्याआधी विचार करा. सी मधून २५० एमबी कापून रिकव्हरी पार्टिशन पुन्हा बांधण्याची कृती मायक्रोसॉफ्टने दिली आहे, पण त्यात डिस्कपार्ट या कमांडने पार्टिशन पुसण्याची पायरी आहे. तिथे एक आकडा चुकीचा निवडला तर सगळा डेटा जातो. मी ती कृती बॅकअप घेतल्याशिवाय करत नाही, आणि फोनवरून तर कुणाला सांगतही नाही.

एप्रिल २०२५ मध्ये केबी५०५७५८९ च्या वेळी हाच आकडा पुन्हा दिसला. तेव्हा तर अपडेट बसलेलं असूनही एरर येत होती.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अपडेट का येत नाही?

विंडोजने ते कनेक्शन मीटर्ड धरलेलं असतं, म्हणजे डेटा मोजून वापरायचा. सेटिंग्ज, नेटवर्क, मग तुमचं वायफाय, तिथे मीटर्ड कनेक्शन बंद करा. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर मोठं अपडेट ओढायला जाऊ नका. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर तेही आधी बंद करा.

नेट चालू आहे, जागा आहे, तरी डाउनलोड सुरूच होत नाही.

खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. वेळ जुळत असली तरी वर्ष बघा.

एका शिक्षकांचा डेस्कटॉप आला होता. तक्रार अपडेटची. सोबत सहज म्हणाले, बँकेची साइटही "सुरक्षित नाही" म्हणते. कोपऱ्यात साल होतं २०१२. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सेल उतरला होता, त्यामुळे मेन स्विच बंद केला की मशीन तारीख विसरायचं. सर्व्हर आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनच्या मते आज २०१२ असेल, तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग ना अपडेट, ना बँक.

सेलचा नंबर सीआर२०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून, जुना सेल नखाने उचकटून नवा बसवायचा. लिहिलेली बाजू वर. मग तारीख लावायची. सरांचं मशीन एवढ्यावर सुरळीत झालं. ते चार महिने अपडेटशी झटापट करत होते.

दुकानदाराने विंडोज टाकून दिलं, तेव्हापासून अपडेट नाहीच. कारण काय?

स्पष्टच सांगतो. ते विंडोज परवान्याचं नसण्याची शक्यता मोठी आहे. क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालवायची पळवाट, टिकावा म्हणून काही टूल्स अपडेटची सर्व्हिसच बंद करून ठेवतात, किंवा होस्ट्स नावाच्या फाइलीत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचे पत्ते अडवून ठेवतात. दुसरा प्रकार म्हणजे "लाइट" विंडोज. मशीन वेगवान वाटावं म्हणून त्यातले भाग छाटलेले असतात. अपडेट येतं, ज्या भागाची डागडुजी करायची तो शोधतं, तो सापडत नाही आणि ते परत जातं.

यावर कमांडचा इलाज नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे काय लिहिलंय ते बघा. लॅपटॉप विकत घेताना विंडोजसकट आला असेल, तर त्याचा परवाना बहुतेक मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. त्याच आवृत्तीचं स्वच्छ विंडोज टाकलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणजे ज्याच्याकडे खरा परवाना आहे त्याच्याच मशीनवर कुणीतरी क्रॅक मारून दिलेला, हेही पाहिलं आहे.

त्या दोन प्रसिद्ध कमांड कोणत्या? खरंच काही होतं का त्यांनी?

फाइली बिघडल्या असतील तर होतं. जागा नसेल, तारीख चुकली असेल तर काही होत नाही.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा आणि "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. फोनवर सांगतो तसं सांगतो, सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप, मध्ये आडवी रेघ, इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ, एंटर. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, दुसरी नव्हे. हे काम ६२ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थांबतं. खिडकी बंद करू नका. ते संपल्यावर दुसरी: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ.

क्रम असाच ठेवा. एसएफसी बिघडलेल्या फाइलीच्या जागी कोठारातली चांगली प्रत आणून बसवते. कोठारच नासलेलं असेल तर प्रत चांगली कुठून येणार? म्हणून कोठार दुरुस्त करणारी डीआयएसएम आधी.

सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डर उडवायला सांगतात. उडवू?

अर्धवट डाउनलोड झालेल्या फाइली तिथे अडकून बसतात, त्यामुळे उपाय बरोबर आहे. उडवण्याऐवजी नाव बदला. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस उघडा. विंडोज अपडेट आणि बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस या दोघांवर राइट क्लिक करून स्टॉप. मग सी मधल्या विंडोज फोल्डरमध्ये त्या फोल्डरच्या नावापुढे ओल्ड जोडा आणि मशीन रीस्टार्ट करा. नवं फोल्डर आपोआप तयार होतं. अपडेट हिस्टरी रिकामी दिसेल, घाबरू नका. बसलेली अपडेट्स कुठेही गेलेली नसतात. आठवड्याभराने सगळं ठीक असेल तर जुनं फोल्डर काढून टाका.

दर वेळी "अंडूइंग चेंजेस" येऊन परत मागे जातं.

मशीनला जे जे लटकवलेलं आहे ते काढा: प्रिंटर, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क. फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवा. विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल तर नुसता बंद करून भागत नाही, तात्पुरता अनइन्स्टॉल करा आणि त्याची की आधी लिहून घ्या. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तोवर पहारा देतो.

डीटीपीवाल्यांना एक वेगळा इशारा. मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरसोबत यूएसबीला लावायचा डोंगल येतो आणि त्याचा ड्रायव्हर कधीकधी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असतो. मोठं अपडेट त्याच्यावर अडखळू शकतं, किंवा अपडेट बसतं आणि डोंगल ओळखला जात नाही. हातात अंक छपाईला जायचा असेल त्या आठवड्यात अपडेट पुढे ढकला. सेटिंग्जमध्ये पॉज आहे, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. दिवाळी अंकाच्या दिवसांत आम्ही हेच करतो.

विंडोज १० आहे. ११ येतच नाही, आणि १० ची अपडेट्सही थांबली.

हा बिघाड नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. त्यासाठी मशीनवर २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपासची रक्कम. विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" दिसलं की तोच दरवाजा. २२एच२ नसेल तर तो दिसणार नाही, आधी ती बसवा.

११ साठी मशीनला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग), सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क आणि यादीतला प्रोसेसर हवा. इंटेलचा ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम नाही असा निरोप आला तर लगेच नवीन मशीन घ्यायला धावू नका. पुष्कळदा टीपीएम असतो, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी नावाने आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाने सापडतो. प्रोसेसरच यादीत नसेल तर मात्र उपाय नाही. आडमार्गाने ११ टाकून मिळतं, पण अशा मशीनला पुढची मोठी अपडेट्स आपोआप येत नाहीत, दर वर्षी तीच कसरत करावी लागते.

बायोसमध्ये बदल केला आणि आता निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागतंय.

ती बिटलॉकरची रिकव्हरी की. तुम्ही बिटलॉकर कधी लावलंच नाही असं म्हणाल, आणि ते खरंही असेल. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कला कुलूप आपोआप लागू शकतं, आणि की त्या खात्यात जाऊन बसते. दुसऱ्या फोनवरून त्याच खात्यात शिरा, डिव्हाइसेसमध्ये ती सापडेल. लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने चालू करून दिला असेल तर की त्याच्या खात्यात आहे. त्याला आजच फोन लावा. की सापडली नाही तर डेटा परत मिळत नाही, इथे आमचंही काही चालत नाही.

डेटा न घालवता विंडोज पुन्हा टाकता येतं का?

येतं, आणि सगळं करून थकल्यावर मी हेच करतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे "फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट" आहे. तिथे रीइन्स्टॉल नाऊ दाबलं की फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून विंडोज स्वतःला पुन्हा मांडतं.

ते नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ, म्हणजे अख्खं विंडोज टाकायची एकच मोठी फाइल, उतरवा, त्यावर डबल क्लिक करा आणि आतलं सेटअप चालवा. "कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स" वर खूण असल्याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. तो पर्याय फिका दिसत असेल तर भाषा जुळत नाही का बघा. साइटवर इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि इंग्लिश इंटरनॅशनल असे दोन वेगळे आयएसओ आहेत. मशीनवर कोणतं आहे ते सीएमडीत डीआयएसएम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश गेट-इंटल असं विचारलं की कळतं. सेटअप पेनड्राइव्हवरून बूट करून चालवलं तर हा पर्याय मिळत नाही. चालू विंडोजच्या आतूनच चालवायचं.

दुकानात आणायचंच झालं तर सोबत काय आणू?

केबी नंबर आणि एररचा फोटो. घरी काय काय करून पाहिलं ते, लाज न बाळगता. लॉगिनचा पिन, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला मोबाइल, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. आणि चार्जर. दर चौघांतला एक तरी लॅपटॉप छातीशी धरून येतो आणि चार्जर घरी भिंतीला लटकत असतो.